शूर्पारकाचा पूर्ण

भंडारा जिल्ह्यात बुद्धधम्माच्या प्राचीन खुणा म्हटल्या की पवनीचे नाव प्रथम ओठांवर येते. १९६९-७० साली तेथील जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले आणि वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी केवढा स्तूप उभा होता हे जगाला दिसले. सानगडीहून पवनीला जाऊन दिवसाउजेडी परतता येते, त्यामुळे आपल्या मुलांना ती टेकडी ओळखीची आहे. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राच्या अंगाला, अशीच एक टेकडी आहे. तिला तेथील लोक बुरूड राजाचा कोट म्हणत आले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती खणली, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्याच्या पोटात दगडाचा, त्यातून स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे म्हणून जपलेले काही तुकडे होते आणि सोन्याची फुले होती. भोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती बसविलेल्या होत्या. हे गाव सोपारा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा. पाली ग्रंथांत त्याचे नाव सुप्पारक, संस्कृतात शूर्पारक. याच बंदरातील एका माणसाचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांसाठी सांगावयाचे आहे. त्याचे नाव पाली भाषेत पुण्ण, संस्कृतात पूर्ण.

पूर्णाची हकिकत दोन ठिकाणी मिळते. मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्तात ती थोडक्यात आहे आणि तिचा गाभा तेथेच आहे. दिव्यावदान या संस्कृत ग्रंथातील पूर्णावदानात मात्र त्याचे कुळ, घर, व्यापार, भावांची भांडणे, समुद्रप्रवास असा सारा संसार आला आहे. अवदानकारांना चमत्कारांची हौस होती. भिक्षू आकाशमार्गाने येतात, यक्ष वादळे उठवतात, हे सर्व त्यात आहे. ते ज्याने त्याने आपल्या बुद्धीने पारखून घ्यावे; तथागतांनीच ती मुभा दिलेली आहे. पण त्याच अवदानात बाजारभाव, बयाणा, दंड, वाटणी यांचे तपशील इतके नेमके आहेत की लिहिणाऱ्याने बंदरावरचा व्यवहार जवळून पाहिला असावा असे वाटल्यावाचून राहत नाही.

शूर्पारकात भव नावाचा धनाढ्य गृहपती होता. त्याला भविल, भवत्रात आणि भवनंदी असे तीन मुलगे. पुढे भव आजारी पडला. दुखण्याने त्याची जीभ कडवट झाली, तेव्हा बायकोने व मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. घरात एक दासी होती. हा माणूस मेला तर आपल्या धन्याची गत काय, असा विचार करून तिने वैद्य गाठला, औषध आणले आणि त्याची सेवा करून त्याला उठवून बसविले. बरे झाल्यावर त्याने तिला वर मागावयास सांगितले. तिने धन मागितले नाही. पैसे घेऊनही आपण दासीच राहणार, हे ती पुरते जाणून होती. तिने त्याचे मूल मागितले. त्या मुलाचा जन्म झाला त्या काळात घराची भरभराट झाली, म्हणून त्याचे नाव पूर्ण ठेवले.

दासीपुत्र पूर्ण शिकला, हिशेबात तरबेज झाला आणि पेढीवर बसू लागला. थोरले भाऊ माल घेऊन परदेशी जात, पूर्ण घरचा व्यापार पाही. आणि वर्षअखेरीस सोने मोजले जाई तेव्हा त्याचीच रास मोठी भरे. म्हाताऱ्या भवाला पुढचे दिसत होते. मरण्यापूर्वी त्याने मुलांना लाकडे गोळा करावयास लावून पेटविली आणि मग एकेक कोलीत बाजूला काढावयास सांगितले. वेगळे पडलेले प्रत्येक लाकूड विझले. थोरल्या भविलला त्याने एकांतात बजावले की काहीही सोडशील ते सोड, पूर्णाला सोडू नकोस.

भव गेला आणि जे होणार होते ते झाले. धाकट्या दोघांच्या बायकांनी कुरबुर सुरू केली, घर फुटले, वाटण्या ठरल्या. एका वाट्याला घर आणि शेत, दुसऱ्या वाट्याला दुकान आणि परदेशी गुंतलेला माल. तिसऱ्या वाट्याला पूर्ण. भावांच्या लेखी तो भाऊ नव्हता. दासीचा मुलगा म्हणून तो मालमत्तेत धरला गेला, गाडीबैलांसारखा. आपल्या समाजातील ज्या वृद्धांनी वेठबिगारीच्या आठवणी ऐकल्या आहेत, त्यांना या एका ओळीपाशी थांबावे लागेल. भविलला दोघांनी विचारले, तेव्हा त्याने घरही मागितले नाही की दुकानही मागितले नाही; वडिलांचा शब्द आठवून त्याने पूर्णाला घेतले. नेसत्या वस्त्रांनिशी भविलची बायको, तिची मुले आणि पूर्ण रस्त्यावर आले. मुले भुकेने रडू लागली. वहिनीच्या पदराच्या गाठीला पितळेचे एक हलके नाणे होते, ते तिने पूर्णाच्या हातावर ठेवले.

पुढची गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेची आहे. वाटेत एक माणूस समुद्रातून वाहून आलेल्या लाकडांची मोळी घेऊन थंडीने कुडकुडत चालला होता. पूर्णाने ओळखले की या जळणात गोशीर्ष चंदन आहे. त्याच्या गारव्यानेच हा माणूस कापतो आहे. त्याने ती मोळी मिळविली. त्याच सुमारास राजाला दाहज्वर झाला, वैद्यांनी गोशीर्ष चंदनाचा लेप सांगितला आणि सबंध नगरात ते चंदन पूर्णापाशीच निघाले. रस्त्यावर आलेले कुटुंब पुन्हा उभे राहिले.

यानंतरचा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण पूर्णाचे नाव घेणारे बहुतेक जण तो सोडून देतात. पाचशे व्यापाऱ्यांचा तांडा समुद्र ओलांडून शूर्पारकाच्या बंदरात आला. नगरातील व्यापारी श्रेणीने ठराव केला होता की हा माल सर्वांनी मिळून घ्यावा, एकट्याने कोणी जाऊ नये. पूर्णाला किंवा भविलला त्या बैठकीला कोणी बोलावले नव्हते. पूर्ण सरळ बंदरावर गेला, अठरा लाख सुवर्णांत सारा माल ठरविला, तीन लाखांचा बयाणा दिला आणि मालावर आपली मुद्रा उठवून घरी आला. श्रेणीच्या लोकांना हे कळताच त्यांनी त्याला धरून नेले, साठ कार्षापण दंड सांगितला आणि उन्हात उभे केले. पूर्णाचा प्रश्न साधा होता. हा ठराव करताना मला किंवा माझ्या भावाला बोलावले होते काय? ज्या बैठकीत आम्हाला जागा नव्हती तिचा नियम आम्हाला कसा लागू होतो? गोष्ट राजापर्यंत गेली, राजाने तोच प्रश्न श्रेणीला विचारला आणि तिला खाली मान घालावी लागली. पूर्ण सुटला. काही दिवसांनी राजवाड्याला त्यातलाच माल हवा झाला. श्रेणीने पूर्णाला बोलावणे धाडले. तो गेला नाही. शेवटी त्यांनाच त्याच्या दारी यावे लागले आणि दुप्पट दाम मोजून माल न्यावा लागला.

दासीच्या पोटी जन्मलेला, वाटणीत वस्तू म्हणून मोजला गेलेला हा माणूस उन्हात उभा असताना गयावया करीत नाही, न्याय्य प्रश्न विचारतो. हे लक्षात ठेवूनच पुढे जावे.

सहा वेळा तो समुद्रावर जाऊन सुखरूप परत आला. बंदरात त्याचे नाव शकुनाचे झाले. सातव्या वेळी श्रावस्तीचे व्यापारी त्याच्या गलबतावर होते. रात्री आणि पहाटे ते एकत्र बसून काही म्हणत असत. उदान, पारायण, स्थविरगाथा, मुनिगाथा अशी त्या पाठांची नावे अवदानात दिली आहेत. पूर्णाने त्यांच्या गाण्याचे कौतुक केले. त्यांनी सांगितले की ही गाणी नव्हेत, हे बुद्धवचन आहे. बुद्ध हा शब्द त्याने आयुष्यात प्रथम ऐकला आणि त्याच्या अंगावर काटा आला. हे बुद्ध कोण, कोठे राहतात, असे तो विचारीत राहिला. ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या मागोमाग त्रिशरण उच्चारले, त्यांना हा काटा निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

परत आल्यावर त्याने भविलजवळ प्रव्रज्येची इच्छा बोलून दाखविली. भविलला धक्का बसला. घरात अन्नाला महाग होतो तेव्हा तुला हे सुचले नाही, आता भरल्या घरात का, असे त्याने विचारले. पूर्णाचे उत्तर असे होते की तेव्हा ते शोभले नसते, आता शोभते. निराश होऊन, हरून घर सोडणाऱ्यातला तो नव्हता. वहिनीच्या पितळी नाण्याची फेड झाल्यावरच तो निघाला. जाताना भावाला दोन गोष्टी सांगून गेला: समुद्रावर जाऊ नकोस, कारण जाणारे पुष्कळ आणि परतणारे थोडे, आणि त्या दोघा भावांबरोबर पुन्हा एकत्र राहू नकोस. करुणा म्हणजे भाबडेपणा नव्हे, हे या दुसऱ्या सल्ल्यावरून कळते.

श्रावस्तीला अनाथपिंडिकाने त्याला ओळखले आणि तो व्यापाराच्याच कामाने आला असेल असे समजला. पूर्णाने आपला हेतू सांगितल्यावर तो स्वतः त्याला तथागतांकडे घेऊन गेला. पूर्ण भिक्षू झाला. काही काळाने त्याने थोडक्यात उपदेश मागितला. इंद्रियांना जे प्रिय वाटते त्याला कवटाळले की आसक्ती उपजते आणि आसक्तीतून दुःख. न कवटाळता ते पाहिले की दुःख निवते, असा त्या उपदेशाचा आशय आहे. तो ऐकल्यावर तथागतांनी विचारले की आता तू कोठे राहणार? पूर्णाने सुनापरांत सांगितले. अपरांत म्हणजे पश्चिम किनारा. त्याचा आपला मुलूख. (म्यानमारमधील बौद्ध मात्र सुनापरांत आपल्याच देशात होते असे मानतात आणि श्वेसेत्तॉ येथील बुद्धपदचिन्हांशी पूर्णाचे नाव जोडतात. दूरच्या देशाने एखाद्याला आपला म्हणावे, यात शूर्पारकाची हानी काहीच नाही.)

सुत्ताचा गाभा येथून सुरू होतो. तथागत म्हणाले की सुनापरांताचे लोक चंड आहेत, कठोर आहेत. ते तुला शिव्या देतील, तेव्हा तुला काय वाटेल? पूर्ण म्हणाला की हे लोक भले आहेत, त्यांनी माझ्यावर हात उगारला नाही, असे मला वाटेल. आणि हात उगारला तर? ढेकळे मारली नाहीत म्हणून भले. ढेकळे मारली तर? काठी घेतली नाही म्हणून. काठी घेतली तर? शस्त्र उपसले नाही म्हणून. शस्त्र उपसले तर? जीव घेतला नाही म्हणून. आणि जीव घेतला तर? यावरही पूर्णाजवळ उत्तर होते. देहाला कंटाळून जे मरणाची वाट शोधीत फिरतात असे लोक आहेत. मला तर ते न शोधता आले, असे मी म्हणेन. तथागतांनी साधुकार दिला आणि अशा संयमाने तू तेथे खुशाल राहू शकशील, असे सांगून त्याला निरोप दिला.

हा संवाद शाळेत शिकविताना मुले प्रथम हसतात. मग वर्गातील एखादा मुलगा गप्प होतो आणि विचारतो, म्हणजे मार खायचा काय? मोठ्यांच्या बैठकीत हाच प्रश्न अधिक धारदार होऊन येतो. माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक मेळाव्यात असा एक मित्र असतोच. तो हुशार असतो, बहुतेकदा आपल्या सगळ्यांहून अधिक वाचलेला असतो आणि त्याचा सगळ्यावरचा विश्वास उडालेला असतो. तो म्हणतो की काही बदलले नाही, बदलणारही नाही. शिकलो तर नोकरी नाही. नोकरी लागली तर मान मिळत नाही. मान दिलाच, तर पाठीमागे काय बोलतात ते ऐका. १९५४ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांनाच पाडले, तेथे तुमची आमची काय कथा, असेही तो सुनावतो. आणि हजारो वर्षे मार खाल्लेल्यांना पूर्णाची गोष्ट सांगणे म्हणजे आणखी सोसा असे सांगणे नव्हे काय, असा त्याचा शेवटचा घाव असतो.

त्याच्या बोलण्यात खोटे फारसे नसते, म्हणून तर ते बोचते. पण पूर्णाच्या उत्तरांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. तथागतांनी मांडलेल्या एकाही शक्यतेला पूर्ण नाकारीत नाही. लोक इतके वाईट नसतात, तुम्ही उगाच घाबरविता, असे तो एकदाही म्हणत नाही. तो त्याच मातीतला, त्याच बंदरात उन्हात उभा केलेला. तेथील माणसे कशी आहेत हे त्याला कोणी सांगावयास नको होते. प्रत्येक वाईट शक्यता तो मान्य करतो आणि ती घडल्यावरही हातात काय शिल्लक राहते ते मोजतो. हिशेबात मुरलेल्या माणसाची ही कृतज्ञता आहे. निराश मित्र नेहमी पुढच्या पायरीचे भय दाखवितो, कारण पुढची पायरी नेहमीच असते. पूर्ण प्रत्येक पायरीवर उभा राहून सांगतो की अजून इतके उरले आहे.

आणि सोसण्याविषयी म्हणावयाचे तर, हे शब्द कोण कोणाला बोलतो ते पाहावे. मार खाणाऱ्याला कोणी बाहेरचा उपदेश करीत नाही. ज्याने श्रेणीचा दंड भरला नाही, श्रेणीचे बोलावणे आले तरी जो उंबरठ्याबाहेर पडला नाही, तोच माणूस आता स्वतःहून, स्वतःच्या जिवावर, आपल्याच लोकांत परत जातो आहे. श्रेणीपुढे त्याचा हक्क पणाला होता, तेथे त्याने माघार घेतली नाही. सुनापरांतात पणाला होते ते त्याचे मन, आणि ते दुसऱ्याच्या शिवीच्या ताब्यात द्यावयाचे नाही असे त्याने निघण्यापूर्वीच ठरविले होते. हा भेद न करता पूर्ण शिकविला तर माझ्या मित्राचा आक्षेप खरा ठरेल, हे मी मान्य करतो.

बाबासाहेबांच्या त्या पराभवाचेही तसेच. तो झाला, तो कटू होता. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत त्याच विदर्भाच्या भूमीवर लाखो लोक पांढरी वस्त्रे नेसून जमले. मित्राला ही दोन्ही साले एकत्र सांगावी लागतात; एकच सांगितले तर हिशेब चुकतो.

पूर्ण सुनापरांतात पोहोचला तेव्हा तथागतांचे म्हणणे लगेच खरे ठरू पाहत होते. अवदानात असे आहे की भिक्षेला निघालेला हा मुंडित भिक्षू एका पारध्याला शिकारीच्या वाटेवर आडवा आला. अपशकुन झाला म्हणून चिडून त्याने धनुष्याला बाण लावला. पूर्णाने अंगावरचे चीवर बाजूला सारले आणि सांगितले की या न भरणाऱ्या पोटासाठी मी या रानात आलो आहे, बाण येथे मार. पोटासाठी तर पारधीही आला होता. त्याने धनुष्य खाली केले आणि बसून ऐकू लागला. पूर्णाच्या मुलुखातील पहिला श्रोता तो होता. सुत्त सांगते की त्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्माला लागल्या आणि पूर्णाने स्वतः तिन्ही विद्या साक्षात केल्या. उपासिकांची संख्या उपासकांइतकीच आणि निराळी नोंदविली आहे. दासीच्या मुलाच्या चरित्रात हे मला फार शोभून दिसते.

इकडे भविलने सल्ला मोडला. भावांच्या टोमण्यांनी तो गोशीर्ष चंदनाच्या बेटाकडे निघाला. चंदनाच्या झाडांवर कुऱ्हाडी पडू लागताच वादळ उठले, गलबते हेलकावू लागली आणि भविल धाकट्या भावाचे शब्द आठवीत काठाशी बसून राहिला. सोबत्यांनी पूर्णाचा धावा केला. अवदानानुसार पूर्ण गलबतावर मांडी घालून बसलेला दिसला आणि वारा पडला. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील उजव्या भिंतीवर ही कथा रंगविली आहे. समुद्र, गलबत आणि मोठमोठे रांजण त्यात आजही ओळखू येतात. वाचलेल्या चंदनाचा विकून पैसा करण्याऐवजी शूर्पारकात त्याचा प्रासाद बांधून तो बुद्धांना अर्पण केला, असे कथा सांगते. इतिहासाच्या हाती लागते ते एवढेच की या बंदरात धम्म खोल रुजला होता. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यास मिळाला आहे, पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्याचाही सापडला, आणि बुरूड राजाच्या कोटातील पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. चंदनाची शाळा बांधणारे हात कोणाचे होते ते त्या नाण्यावर लिहिलेले नाही.

पूर्ण फार दिवस जगला नाही. सुत्तात त्याचा अंत एका वाक्यात येतो. कोणी शिवी दिली, कोणी ढेकूळ मारले, याची नोंद त्यात नाही. बातमी श्रावस्तीला गेली तेव्हा भिक्षूंनी तथागतांना विचारले की ज्याला आपण थोडक्यात उपदेश केला होता तो पूर्ण वारला, त्याची गती काय झाली? तथागतांनी सांगितले की पूर्ण शहाणा होता, तो धम्माप्रमाणे वागला, धम्माच्या बाबतीत त्याने मला कधी त्रास दिला नाही, आणि तो परिनिर्वाण पावला.